नवाबचं पोट

जिवंत खाणं जिवंत पोचवायच्या यंत्रात मी दातेरी चाकांचा पंप बसवला.

ज्यांना हे वाक्य कळलं त्यांनी आत्ताच हसून घ्यावं. बाकीच्यांसाठी सांगतो. अशा पंपात दोन छोटी चाकं एकमेकांत दात अडकवून फिरतात आणि त्यांच्यामधून जे जातं त्याची चटणी होते. मी त्यातून समुद्राचे बारीक, डोळ्याला जेमतेम दिसणारे जीव पाठवत होतो. ठरल्या वेळी पंप सुरू व्हायचा, ठरलेल्या मापाची चटणी बिरादार डॉक्टरांच्या टाकीत सोडायचा, आणि माझ्या फोनवर हिरवी खूण उमटायची. सॉफ्टवेअरमध्ये इतकी वर्षं घासली, पण इतकं बिनचूक चालणारं काही मी आयुष्यात बनवलं नव्हतं.

बिरादार डॉक्टर म्हणजे भुलीचे डॉक्टर. काचीगुड्याला आमच्या बरोबर खालच्या मजल्यावर राहायचे. मूळचे उदगीरकडचे, शेतीवाले. आजोबांच्या वेळेपासून हैदराबादेत. घरात मराठी, बाजारात दखनी, वॉचमनशी तेलुगू, आणि चिडले की तिन्ही एकदम. मी पुण्याहून नोकरीसाठी आलेला. बायकोची बँक काचीगुड्यात म्हणून आम्ही तिथे घर घेतलं होतं, नाहीतर माझ्यासारखे सगळे शहराच्या पार दुसऱ्या टोकाला काचेच्या इमारतींच्या सावलीत राहतात.

पहिली भेट लिफ्टमध्ये झाली. नमस्कार वगैरे काही नाही. ते माझ्या हनुवटीकडे बघत राहिले.

"घोरता का?"

"बायको म्हणते तसं."

"म्हणणारच. मान आखूड, जबडा मागं. तुम्हाला झोपवायचं म्हणलं असतं तर मला घाम फुटला असता." मग हात पुढे केला. "बिरादार." मी हात मिळवला, तर त्यांची दोन बोटं अलगद माझ्या नाडीवर येऊन बसली. "पुण्याचे?"

"नाडीवरून कळतं?"

"नाही. स्वेटरवरून."

हैदराबादची थंडी ती काय, आणि मी त्या दिवशी बिनबाह्यांचा विणलेला स्वेटर घालून ऑफिसला निघालो होतो. तेव्हापासून त्यांच्या तोंडी माझं नाव पुणेकर पडलं. खरं नाव त्यांना माहीत होतं की नाही, मला अजून शंका आहे.

ते कधी कोणाच्या समोर बसत नसत. सगळा जन्म पेशंटच्या डोक्याशी स्टूल टाकून काढलेला. त्यामुळे कोणाच्याही घरी गेले की खुर्ची उचलून तुमच्या मागे, जरासं उजवीकडे नेऊन ठेवत. बोलणं तुमच्या डोक्यावरून यायचं. "मी माणसं उलटी ओळखतो," म्हणत. "सरळ दिसली की गोंधळ होतो." आमच्याकडे सत्यनारायण होता, मी सोवळ्याचा कद नेसून पाटावर, आणि डॉक्टर सवयीने माझ्या मागे. कथेच्या ऐन भरात मागून आवाज आला, "पुणेकर, कद कमरेला फार आवळलाय. श्वास वरवर चाललाय तुझा. सैल कर." गुरुजी थांबले. सगळे थांबले. मी साधुवाण्याची नाव अधांतरी ठेवून कद सैल केला. मागून "हौ, आता चालू द्या" असं आल्यावर कथा पुढे सरकली.

त्यांचं एक वाक्य होतं. निवृत्त होऊन बराच काळ लोटला तरी ते वाक्य निवृत्त झालं नव्हतं. "मशीन काय म्हणतंय ते मागून सांग. पेशंट काय म्हणतो?" हे ते कुठेही वापरत. मी म्हणालो, आज बाहेर अडतीस डिग्री दाखवतंय, की म्हणत, "ते मागून. तुला घाम आलाय का?" काकूंना, म्हणजे त्यांच्या पत्नीला, मी एकदा विचारलं, हे वाक्य आलं कुठून. काकू मेथी निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "एकदा ह्यांनी मशीनकडं बघितलं होतं. तेवढा वेळ पुरला." आणि पुढची जुडी ओढली.

आता नवाब.

डॉक्टरांच्या दिवाणखान्यात खाऱ्या पाण्याची टाकी होती. त्यात प्रवाळ, दगड, आणि दगडांच्या आडोशाने टुणटुण फिरणारा बोटभर मासा. निळा, नारिंगी, हिरवा. अंगभर अशी नक्षी की कोणीतरी लग्नाची शेरवानी घालून विसरून गेलंय. म्हणून नवाब. ह्या जातीच्या माशाची एक अडचण असते. तो मेलेलं खात नाही. दुकानात मिळणाऱ्या गोळ्या, भुकटी, बर्फातली कोळंबी, सगळ्याला नकार. त्याला दगडावर हलणारा, जिवंत, बारीक जीव दिसला पाहिजे, मगच तो टोच मारणार. आणि दिवसभर मारणार.

मासे विकणाऱ्या सलीमभाईंनी डॉक्टरांना आधीच सांगितलं होतं. "नक्को लेओ डॉक्टरसाब. सब लेते, सबके पास भूका मरता ये."

"काइकू मरता?"

"खाना सामने रहता, खाताइच नै."

"फिर वो खाना नै है ना, मियाँ," डॉक्टर म्हणाले, आणि मासा घेऊन आले.

मग घरात त्या बारीक जिवांची पैदास सुरू झाली. शास्त्रात त्यांना कोपेपॉड म्हणतात. डॉक्टर त्यांना 'मंडळी' म्हणत. "आज मंडळी कमी दिसतात." "मंडळींना हिरवं पाणी घातलंस का?" हिरवं पाणी म्हणजे बारीक शेवाळाचं, मंडळींचं जेवण. बेगम बाजारातून लोणच्याच्या मोठाल्या बरण्या आणलेल्या, प्रत्येकीत खारं पाणी, हवेचा बुडबुडा आणि मंडळी. बरणीवाला दुकानदार दर खेपेला विचारायचा, एवढं कसलं लोणचं घालता, चाखायला तरी आणा. डॉक्टर त्याला म्हणाले, "अजून हलतंय." त्यानंतर त्याने कधी विचारलं नाही.

रोज सकाळ, दुपार, संध्याकाळ डॉक्टर लांब काचेच्या नळीत मंडळी ओढून घेत आणि टाकीच्या मागच्या बाजूने, नवाबच्या डोक्यामागून, हळूच सोडत. मासा असला तरी बसायची जागा तीच. काकू म्हणायच्या, "ह्या घरात ताजं फक्त एकालाच मिळतंय. आम्ही दोघं कालच्या भाजीवर."

हे सगळं असं चाललेलं असताना डॉक्टर जिन्यात थांबायला लागले. लिफ्ट बंद असली की दोन जिने चढून नोटीस बोर्डासमोर उभे राहत आणि सोसायटीची नोटीस वाचत. नोटीस पाण्याच्या टाकीच्या सफाईची होती आणि सफाई होऊन गेलेली होती. मी एकदा म्हणालो, डॉक्टर, पाठ झाली असेल. ते म्हणाले, "शुद्धलेखन बघतोय." ओठ मात्र पांढरे पडले होते, आणि ते मलाही दिसलं.

हृदयाची एक झडप आकसली होती. ऑपरेशन करायला हवं होतं, आणि लवकर. सिकंदराबादच्या एका हॉस्पिटलात त्यांच्याच हाताखाली शिकलेले लोक होते. ते फोनवर फोन करत. डॉक्टरांचं उत्तर ठरलेलं. "नवाबचं काय करू? दिवसातून तीनदा कोण घालणार? काकूचा हात थरथरतो. मुलगा तिकडं परदेशात. पोटात खड्डा पडला की हा मासा परत येत नाही."

एका दुपारी काकू वर आमच्याकडे आल्या. ऑफिस घरूनच होतं माझं त्या दिवशी. चहाला नको म्हणाल्या, खुर्चीच्या टोकावर बसल्या.

"पुणेकर, मासा अडवत नाही ह्यांना."

"मग?"

"जन्मभर त्या टेबलाच्या डोक्याशी बसलेत. झोपलेला माणूस कुठं कुठं अडकू शकतो, सगळं पाठ आहे. दुसऱ्याला धीर द्यायचे. आता स्वतः आडवं व्हायचं म्हणलं की..." त्यांनी पदराने चष्मा पुसला. "भीती मला नाही काढता येणार. निमित्त तरी काढून घे बाबा तू. तू मशीनवाला ना?"

मला कोणी मशीनवाला म्हटलं की माझ्या अंगात येतं. काकूंना मासा खायला घालणारी एक साधी सोय हवी होती; मी आराखडे काढायला बसलो. बरणीतून नळी, नळीवर पंप, पंपावर घड्याळ, घड्याळावर फोन. मंडळी कमी झाली की हिरवं पाणी आपोआप पडेल. डॉक्टर हॉस्पिटलच्या खाटेवरून सगळं बघू शकतील. बायको म्हणाली, मी एक माणूस ठेवू शकते तीन वेळा नळी धरायला. मी तिच्याकडे, पुढचं न दिसणाऱ्या लोकांकडे बघतात तसं बघितलं.

पहिला पंप मी योग्यच आणला होता, हे इतिहासाने नोंदवावं. रबरी नळी बाहेरून रोलरने दाबत दाबत पाणी पुढे सरकवणारा. म्हैस पिळावी तसं. आतल्या जिवाला धक्का नाही. डॉक्टरांनी पाईपाखाली बशी धरली, खिडकीच्या उजेडात नेली, भिंग लावलं आणि बराच वेळ बघत राहिले. बशीत मंडळी नाचत होती.

"जिवंत आहेत," ते म्हणाले. आवाजात आनंद नव्हता. निमित्त गेलं होतं. मग माझ्या खांद्यावर हात ठेवून, अर्थातच मागून, म्हणाले, "चांगलं केलंस. आता ह्याला हात लावू नको."

काकूंनी आतल्या खोलीत बॅग भरायला घेतली होती.

डॉक्टर दाखल झाले. तपासण्यांत दाढ किडलेली निघाली. झडपेच्या ऑपरेशनआधी दाढ काढावी लागते म्हणे, नाहीतर तोंडातला संसर्ग थेट हृदयात. म्हणून ऑपरेशन पुढे गेलं. काकू तिकडे त्यांच्याजवळ, घराची किल्ली माझ्याकडे, आणि माझ्यासमोर फोनवर एक आलेख.

तो आलेख मला खुपायला लागला. रोलरच्या पंपाचं माप किंचित कमीजास्त व्हायचं. रेघ थरथरायची. नवाबला त्याचं काही नव्हतं, पण मला होतं. चालू असलेल्या गोष्टीला सुधारल्याशिवाय आमच्या धंद्यातल्या माणसाला झोप लागत नाही. मी शोध घेतला, अचूक मापाचा म्हणून दातेरी चाकांचा पंप मागवला आणि मोठ्या आनंदाने बसवला. रेघ सरळ झाली. इस्त्री केल्यासारखी. मी तिचं चित्र डॉक्टरांना पाठवलं.

उलट निरोप आला, "पोट दाखव."

मी म्हणालो, तो दगडामागे आहे. दुसऱ्या दिवशी पुन्हा आलेख पाठवला. "पोट." मी लिहिलं, सगळ्या खुणा हिरव्या आहेत. त्यावर उत्तर आलं नाही. मला वाटलं, पटलं.

अखेर ऑपरेशनचा दिवस ठरला. आदल्या दिवशी दुपारी व्हिडिओवर डॉक्टरांचा फोन आला. गालफड अजून सुजलेलं, अंगात हॉस्पिटलचा झबला. बोलणं वाढवलं नाही. "टाकीपाशी जा. फोन वरून धर. वरून म्हणतोय मी, समोरून नको."

मी फोन पाण्यावर धरला. नवाब दगडावर बसला होता. टुणटुण नव्हती. समोरून शेरवानी तशीच झगझगीत, म्हणून मला रोज तो ठीक दिसायचा. वरून मात्र डोक्यामागे दोन्ही बाजूंनी अंग आत गेलं होतं, चिमटीत धरून दाबल्यासारखं.

मग डॉक्टर अगदी हळू म्हणाले, "पाईपाखाली बशी धर. पंप चालू कर. उजेडात ने." मी नेली. "हलतात का?"

मी वाकून बघितलं. भिंग आणलं, पुन्हा बघितलं. बशीत फिकट तपकिरी गढूळ पाणी होतं. फोनवर त्याच क्षणी टण्ण करून हिरवी खूण उमटली.

"नाही हलत."

"काय बदललंस?"

मी सांगितलं. सांगताना मलाच ऐकू आलं मी काय सांगतोय.

"मी येतो," डॉक्टर म्हणाले. फोन पडला, त्यात हॉस्पिटलचं छत दिसायला लागलं. पाठोपाठ काकूंचा आवाज, "अहो, हात नका ओढू, सुई आहे," आणि एका नर्सचं तेलुगूतलं रागावणं. मग फोनमध्ये काकूंचा चेहरा आला. मी त्यांना कधी घाबरलेलं बघितलं नव्हतं.

"काय केलंस रे तू? हे उठलेत. आज उठले तर पुन्हा आडवे व्हायचे नाहीत, मला माहिती आहे."

"काकू, त्यांना म्हणावं फोन धरा. मी हाताने घालतो. त्यांनी बघावं."

त्या दुपारी मी टाकीच्या मागे, भिंत आणि काच यांच्या मधल्या फटीत, गुडघे मोडून बसलो. एका हातात काचेची नळी. फोन टाकीच्या कडेला कपडे वाळत घालायच्या चिमट्याने लावलेला. हैदराबादचा उकाडा, खाऱ्या पाण्याचा वास, आणि डोक्यावरून डॉक्टरांचा आवाज. इतक्या लांब राहूनही त्यांनी जागा सोडली नव्हती.

"नाकासमोर नक्को. मागून सोड. घाई काहून करायलास?"

"नाही करत."

"करायलास. तुझा श्वास ऐकू यायलाय मला. आधी तू नीट श्वास घे."

मी घेतला. नळीतून मंडळी सोडली. जिवंत ठिपके दगडावर पसरले. नवाब हलला नाही. पुन्हा सोडली. नाही. बरण्या एकीमागून एक रिकाम्या होत होत्या. डॉक्टर मधेच नुसतंच म्हणत, "थांब. बघू दे त्याला." कोणाला धीर देत होते, मला, माशाला की स्वतःला, ते कळत नव्हतं. एकदा म्हणाले, "भुकेच्या पलीकडं गेला की मग खाणं ओळखू येत नाही." काकू मागून म्हणाल्या, "असलं बोलू नका हो."

खिडकीतलं ऊन टाकीवरून सरकून भिंतीवर गेलं होतं. नवाबने तोंड खाली केलं आणि दगडावर टोच मारली. एकदाच. मग बराच वेळ काही नाही. मग आणखी एकदा.

"बघितलंत का, डॉक्टर?"

"हौ. बघितलं मी." थोड्या वेळाने फोनमधून खाटेचा कुरकुर आवाज आला. ते आडवे झाले होते.

आता एक गोष्ट मधेच सांगून टाकतो, म्हणजे शेवट मला त्यांच्यावर करता येईल. डॉक्टर घरी आले नाहीत. ऑपरेशन चांगलं झालं, असं सगळ्यांनी सांगितलं आणि यंत्रांनीही तेच दाखवलं. कोणाचीच चूक नव्हती. काही दिवस ते अतिदक्षता विभागात होते, एके दिवशी नव्हते. नवाब आहे. काकू दिवाणखान्यात पोथी वाचतात आणि मी, आता ऑफिस घरूनच असल्याने, कामाआधी, जेवणाच्या सुट्टीत आणि संध्याकाळी टाकीमागच्या फटीत बसतो. मुलगा आला होता तेव्हा टाकी सलीमभाईंना द्यावी म्हणत होता. काकू म्हणाल्या, पुणेकर येतो तोवर राहू दे. डॉक्टरांचं निमित्त काढून घेतलं नसतं तर, हा विचार माझ्या मनात येतो. काकूंच्याही येत असणार. एकदा त्या माझ्याकडे बघून म्हणाल्या, "मी सांगितलं तेवढंच केलंस तू." हे समजावणं होतं की हिशोब मांडणं, मी विचारलेलं नाही. आम्ही दोघं मग माशाकडे बघत बसतो.

तर ऑपरेशनची सकाळ. मी हॉस्पिटलात पोचलो तेव्हा त्यांना ढकलगाडीवरून ऑपरेशन थिएटरच्या दारापाशी आणलं होतं. डोक्याला हिरवी टोपी, दाढी काढलेली. एकदम लहान दिसत होते. काकू एका बाजूला हात धरून. दुसऱ्या बाजूला तोंडावर मास्क लावलेली एक तरुण मुलगी, त्यांना भूल देणारी डॉक्टर. समोर जागा नव्हती म्हणून मी गाडीच्या मागे, त्यांच्या डोक्याशी जाऊन उभा राहिलो. ते मला उलटे दिसत होते. पांढऱ्या भुवया खाली, हनुवटी वर. त्यांनी डोळे वर फिरवले आणि मला लगेच ओळखलं.

"सकाळी खाल्लं?"

"खाल्लं. वरून बघितलं मी. खड्डा आहे अजून, पण टोच मारतोय."

"तू आलास तर दुपारी कोण घालणार?"

"बायको."

"चांगलं. तिला अक्कल आहे." त्यांचा हात चादरीतून बाहेर आला, माझं मनगट शोधलं, दोन बोटं नाडीवर ठेवली. ह्या वेळी त्यांचीच बोटं गार होती. नाडी ते मोजत नव्हते. नुसते धरून होते.

मुलगी म्हणाली, "सर, जायचं का?"

त्यांनी हात सोडला. माझ्याकडेच उलटं बघत तिला म्हणाले, "मॉनिटर मागून बघ. आधी मला बघत जा."

"हो सर."

"आणि हा मागं उभा आहे ना, ह्याला आत कुठल्याही मशीनला हात लावू देऊ नको."